लोणावळ्याची बोटुकली, कावेरीचा महासीर : गळाच्या खेळासाठी मासे सोडण्याचे एक प्रकरण

डोंगरातल्या तलावात किंवा नदीत खेळासाठी मासे सोडायचे म्हटले की बहुतेकांच्या डोक्यात तीनच प्रश्न असतात : बीज कुठे मिळेल, किती जगेल आणि गळाला कधी लागेल. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठच्या मत्स्यबीज केंद्रातून कर्नाटकात कावेरीला गेलेल्या महासीराच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे चांगली आली. बीज भरपूर मिळाले, ते जगले आणि गळालाही लागले. तरीही ज्या माशामुळे कावेरी जगभरच्या गळवाल्यांना माहीत झाली, तो उंच वशिंडाचा सोनेरी महासीर आज अतिसंकटग्रस्त आहे. चौथा प्रश्न होता तो असा : सोडतो आहोत तो मासा त्याच नदीचा आहे का?

दोन मासे

पहिला मासा आपल्याकडचा. कर्नल साइक्स याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि आज त्याचे नाव टॉर खुद्री आहे. कृष्णेच्या खोऱ्यातला हा महासीर. पाठ एकसारखी वळणारी, पंखांवर निळसर-करडी छटा. इंद्रायणीवर देहू-आळंदीच्या डोहांत आणि महाडजवळ वाळणकोंडीत देवाचे मासे म्हणून लोक ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या खाऊ घालत आले, ते महासीरच.

दुसरा कावेरीचा. डोक्यामागून एकदम वर चढणारी पाठ, सोनेरी-तांबूस अंग, नारिंगी पंख. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी कावेरीची उपनदी काबिनी हिच्यात १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा मासा गळाने काढला, तो हा. स्वातंत्र्यानंतर हा खेळ थंडावला आणि एवढे मोठे मासे आता उरले नसावेत असे धरले गेले. १९७८ मध्ये तीन ब्रिटिश गळवाले इथे येऊन मोठे मासे पकडून गेले, आणि शिवनसमुद्राच्या धबधब्याखालचा कावेरीचा पट्टा पुन्हा जगाच्या नकाशावर आला. पुढे भीमेश्वरी, दोड्डमकळी आणि गलीबोर इथे छावण्या निघाल्या. आमिष नाचणीच्या उकडलेल्या गोळ्याचे, होडी टोपलीसारखी गोल, आणि पकडलेला मासा वजन करून पाण्यात परत, हा शिरस्ता.

या दुसऱ्या माशाला अनेक दशके धड शास्त्रीय नावच नव्हते. कधी त्याला टॉर खुद्रीचेच मोठे रूप समजत, कधी टॉर मुसुल्ला म्हणत. मुसुल्ला हे नाव साइक्सने ज्या माशाला दिले होते तो महासीर नव्हताच, वेगळ्या प्रजातीगटातला मासा होता. नावांच्या या घोळामुळे ‘दक्षिणेतला महासीर एकच’ हे गृहीतक कागदोपत्री टिकून राहिले, आणि बीजाचा सगळा व्यवहार त्याच गृहीतकावर झाला.

बीज कसे तयार झाले

धरणांमुळे पाणलोट बदलले आणि मुळा-इंद्रायणीसारख्या नद्यांतून महासीर हटत चालला. तेव्हा, १९७० च्या सुमारास, टाटा विद्युत कंपन्यांनी लोणावळ्यात हे केंद्र उभे केले. महाराष्ट्राचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी तिथे जे तंत्र बसवले, ते तांत्रिकदृष्ट्या अव्वल होते. पुढचे दोष वाचताना हे विसरू नये.

रोहू-कटला किलोमागे दोन-तीन लाख अंडी देतात. महासीर काही हजारांवर थांबतो, आणि तीही एका दमात नाही, टप्प्याटप्प्याने. त्यामुळे इथे प्रत्येक अंडे मोजून वापरावे लागते.

प्रजनक मासे पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, तलावाला ओढे येऊन मिळतात त्या तोंडाशी जाळ्यात धरतात. जाळे रात्रीतून वारंवार पाहायचे. कल्ल्यात फास बसलेला मासा तासाभरातही दगावतो, आणि दगावलेल्या मादीची अंडी वापरण्याच्या लायकीची राहत नाहीत. मादी पिकली आहे की नाही हे पोट हलके दाबून कळते : अंडी जोर न लावता, लिंबासारखी पिवळट ते सोनेरी, सुटी सुटी बाहेर आली पाहिजेत. जोर लावावा लागला तर मादी सोडून द्यायची. दाबून काढलेली कच्ची अंडी फळत नाहीत, आणि मादीही आतून जखमी होते.

फलन कोरड्या पद्धतीने करतात. कोरड्या थाळीत अंडी, त्यावर नराचे वीर्य, पक्ष्याच्या पिसाने हलके ढवळणे, पाच एक मिनिटे थांबणे, मग पाणी नितळ होईपर्यंत धुणे. थाळीत आधीच पाणी असेल तर शुक्रजंतू मिनिटभरात थकतात आणि अंड्याचे छिद्रही मिटते. घाईत ओल्या हाताने काम करणाऱ्यांचा तोटा इथे होतो. धुतल्यावर अंडी पाणी शोषून टणक होतात, तोवर त्यांना हात लावायचा नाही.

महासीराची अंडी मोठी, फुगल्यावर तीन मिलिमीटरच्या आसपास, आणि तळाशी बसणारी. त्यामुळे रोहूसाठीचे गोल फिरत्या पाण्याचे हौद इथे गैरसोयीचे. जाळीच्या तळाच्या उथळ ट्रेमध्ये अंडी एकाच थरात पसरतात आणि खालून-वरून संथ वाहते पाणी ठेवतात. दुसरा थर झाला की खालची गुदमरतात. मेलेले अंडे पांढरे, अपारदर्शक होते. ते ड्रॉपरने रोज उचलले नाही तर त्यावरची बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते. २२ ते २६ अंश सेल्सिअसला तीन-चार दिवसांत पिल्ले फुटतात.

पुढचा आठवडा फसवा असतो. पिवळ्या बलकाची पिशवी पोटाला असलेली ही पिल्ले उजेड टाळतात आणि कोपऱ्यात डोकी खुपसून एकमेकांवर ढीग करतात. नवख्याला ती आजारी वाटतात. ती आजारी नसतात, पण ढिगाच्या तळाची प्राणवायूअभावी मरतात. ट्रेवर काळे झाकण आणि कोपऱ्यातही पोहोचणारा प्रवाह, एवढ्याने हे नुकसान बरेच थांबते. बलक संपत आला की पाण्यातले सूक्ष्म प्राणी, नाहीतर उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक गाळून देतात. मग शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा.

लोणावळ्याचे सर्वांत चतुर काम वाहतुकीचे. फळलेल्या अंड्याला पाणी लागत नाही, ओल आणि हवा लागते, हे हेरून तिथे ओल्या कापसाच्या थरांत अंडी ठेवून ती विमानाने पाठवण्याचे तंत्र सिद्ध झाले. भोकांच्या प्लॅस्टिक डब्यात खाली पिळून काढलेला ओला कापूस, त्यावर अंड्यांचा एक थर, वर पुन्हा कापूस. कापसातून पाणी ठिबकत असेल तर अंडी गुदमरतात, कापूस कोरडा पडला तर आक्रसतात. पिल्ले फुटायच्या आत डबा पोहोचला पाहिजे, म्हणजे हातात दीड-दोन दिवस. बोटुकलीच्या, म्हणजे बोटभर पिल्लांच्या, पिशव्यांत बहुतेक वजन पाण्याचे असते. ते वजन गेले आणि महासीर देशात कुठेही पाठवता येऊ लागला. प्रकरणाचे मूळही इथेच : ज्या खोऱ्यात हा मासा कधी नव्हता तिथेही तो आता स्वस्तात पोहोचू शकत होता.

कावेरीत

१९७० च्या दशकापासून लोणावळ्याचे बीज कर्नाटकात गेले. पुढे राज्याच्या मत्स्य विभागाने कोडगूत हारंगी इथे स्वतःचे केंद्र चालवले, आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया’ या गळवाल्यांच्या संस्थेनेही आपल्या पट्ट्यात बोटुकली सोडली. हेतू चांगला होता. नदीत सुरुंग लावून मासे मारणे चालू होते, वाळू उपसा होता, वरच्या धरणांनी पुराचे वेळापत्रक बिघडवले होते. संस्थांनी राखण ठेवली, सुरुंगवाल्यांना आवरले, आणि वरून बीजही सोडले.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या पट्ट्यात निळ्या पंखांचा महासीर, म्हणजे टॉर खुद्री, गळाला लागल्याची नोंद नव्हती. नंतर तो दिसू लागला, आणि मग तोच तो दिसू लागला.

छावणीच्या वह्या होत्या म्हणून हे कळले. प्रत्येक गळवाला किती तास बसला, किती मासे लागले, वजन किती, रंगरूप कोणते, हे वर्षानुवर्षे लिहिले जात होते. १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदींचा हिशेब एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी मांडला : २३,६२० तासांची गळटाकणी आणि ६,१६१ महासीर. सरासरीने एका माशाला पावणेचार तासांहून थोडे अधिक. एवढ्या मोठ्या माशाच्या खेळात हा आकडा झकासच म्हणायचा. शिवाय ताशी मिळणारे मासे वर्षागणिक वाढत होते.

छावणीच्या व्यवस्थापकाने एवढेच पाहिले तर तो खूश होईल, आणि बरीच वर्षे सगळे खूशच होते. पण वही रंगरूपाप्रमाणे वेगळी केली की दोन उलट रेषा दिसतात. निळ्या पंखांच्या माशांची संख्या वाढते आणि सरासरी वजन घटते, कारण पिल्लांची नवी फळी दरवर्षी येते आहे. सोनेरी माशांची संख्या घटते आणि सरासरी वजन वाढते. दुसरी रेषा वरवर पाहता आनंदाची वाटते : मासे मोठे होत आहेत! अर्थ नेमका उलटा आहे. लहान मासे येतच नाहीत, उरलेले म्हातारे तेवढे वाढत आहेत. गावात सरासरी वय चढत गेले तर आपण त्याला भरभराट म्हणत नाही.

धरणे, वाळू, सुरुंग यांनीच सोनेरी मासा संपवला, असा एक बचाव केला जातो. ही संकटे खरी आहेत. पण ती दोन्ही माशांच्या वाट्याला सारखीच आली, आणि त्याच पाण्यात, त्याच वर्षांत एकाची पिल्ले वाढली व दुसऱ्याची आटली. म्हणून बाहेरून आलेल्या माशाशी स्पर्धा हे कारण यादीतून काढता येत नाही, आणि आमच्या मते ते यादीत वरच असायला हवे.

२०१८ मध्ये कावेरी खोऱ्यातल्या मोयार नदीतल्या माशांचे अंगलक्षण आणि जनुकीय तपासणी मिळून सोनेरी माशाची ओळख पटली : टॉर रेमादेवी. हे नाव आधीच अस्तित्वात होते. केरळच्या पांबार नदीतल्या लहान माशांवरून ते दिले गेले होते, पण लहानपणी वशिंड ठळक नसते, त्यामुळे तो आणि कावेरीचा अजस्र महासीर एकच हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत त्याची नोंद थेट अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. टॉर खुद्री मात्र पूर्वी संकटग्रस्त होता, तो नंतर सर्वांत कमी चिंतेच्या गटात गेला. वाचवायला सोडलेला मासा वाचला, हे खरेच आहे.

चूक कुठे कुठे होती

ओळख ही पहिली आणि सर्वांत स्वस्तात टळणारी. नदीतल्या पंचवीस-तीस माशांच्या पंखाचा मिलिमीटरभर तुकडा ९५ टक्के अल्कोहोलात ठेवून तपासणे आज सहज जमते. १९७० च्या दशकात ते नव्हते, पण शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन माशांची पाठ आणि पंख पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. गळवाल्यांना फरक दिसत होता. बीज पाठवणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी त्यांना विचारायला हवे होते.

दुसरी बाब प्रजनकांची. बीजकेंद्रात नर कमी लागतात, कारण एका नराचे वीर्य अनेक माद्यांना पुरते. कामाला सोपे, वंशाला घातक. हिशेब असा : नर आणि माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार करून त्याला चारने गुणायचे आणि दोघांच्या बेरजेने भागायचे. २० माद्या आणि ५ नर वापरले तर मासे २५, पण वंशाच्या दृष्टीने ते १६ च. १० आणि १० घेतले तर मासे २०, आणि वंशालाही २०. एकाच थाळीत चार नरांचे वीर्य एकत्र ओतले तरी उपयोग नाही, कारण जोरकस नर बहुतेक अंडी बळकावतो. मादीची अंडी चार वाट्यांत वाटून प्रत्येक वाटीला वेगळा नर द्यावा आणि मग एकत्र करावी. लोणावळ्यात टॉर टॉर हा आणखी एक महासीर आणि टॉर खुद्री यांच्या संकराचे प्रयोगही झाले होते. प्रयोग म्हणून ते ठीक, पण ज्या आवारातून नदीत बीज जाते त्याच आवारात संकराचे हौद असणे ही जोखीमच. पिल्ले बोटभर असताना एकमेकांसारखी दिसतात आणि एक जाळे दोन हौदांत फिरायला वेळ लागत नाही.

तिसरी, खूण नव्हती. सोडलेल्या बोटुकलीवर खूण नसेल तर पाच वर्षांनी लागलेला मासा सोडलेला की नदीत जन्मलेला, हे सांगता येत नाही. ट्राउटचा पाठीमागचा मांसल पंख कापून खूण करतात. महासीराला तो पंख नसतो, म्हणून कमरेच्या जोडीपैकी एका पंखाचे टोक कापावे लागते. दहा-बारा सेंटिमीटरच्या पुढच्या माशाला १२ मिलिमीटरची इलेक्ट्रॉनिक चिप पोटात बसवता येते. हजारोंनी बीज असेल तर ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या द्रावणात बुडवतात, त्याची खूण कानातल्या हाडावर उमटते, फक्त ती पाहण्यासाठी मासा मारावा लागतो.

मासे सोडायचेच असतील तर

महाराष्ट्रात महासीराचे बीज अनेक जलाशयांत सुटते. त्यामुळे खोऱ्याचा नियम पहिला : टॉर खुद्री कृष्णा खोऱ्याच्या सह्याद्रीकडच्या भागात, जिथे तो पूर्वी होता तिथे. नर्मदा-तापीकडे टॉर टॉर आहे, तिकडे खुद्री नेऊ नये. तलाव बंदिस्त आहे, मासा बाहेर जाणार नाही, या भरवशावर राहू नये. सांडव्यावरून पावसाळ्यात बोटुकली खाली जाते, आणि विजेसाठी वळवलेले पाणी तर ती भलत्याच खोऱ्यात उतरवते.

मग आकड्यांचा हिशेब उलट्या बाजूने. पाच वर्षांनी ५०० मोठे मासे हवेत आणि दहा टक्के जगतील असे धरले तर ५,००० बोटुकली लागतील. जिरे, म्हणजे नुकती पोहू लागलेली इवली पिल्ले, सोडून हा हिशेब जमत नाही. मरळ, शिवडा आणि पाणकावळे असलेल्या पाण्यात जिऱ्यांतले जवळपास काहीच उरत नाही, म्हणून बोटुकली सात-आठ सेंटिमीटरची होईपर्यंत धीर धरावा.

वाहतुकीच्या आदल्या दिवशी खाणे बंद. पिशवीत एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश प्राणवायू. रोहू-कटल्याची जेवढी बोटुकली एका पिशवीत भरतो त्याच्या निम्मीच भरावी, कारण महासीर वाहत्या पाण्याचा, त्याची प्राणवायूची भूक मोठी. गाडी रात्री काढावी. पोहोचल्यावर पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे तलावात तरंगू द्यावी, मग तोंड उघडून तलावाचे पाणी थोडे थोडे आत घ्यावे. पिशवी आणि तलाव यांच्या तापमानात दोन-तीन अंशांहून अधिक फरक असताना ओतलेली पिल्ले त्या क्षणी पोहत जातात आणि दुसऱ्या दिवशी काठाला लागतात. ज्याने ओतली तो तेव्हा तिथे नसतो, म्हणून ही मर कुठे नोंदली जात नाही.

धरणाच्या भिंतीशी गाडी जाते म्हणून तिथेच ओतायचे, ही सार्वत्रिक सवय. तिथे पाणी खोल, आसरा शून्य. वरच्या टोकाला, ओढ्याच्या मुखाशी, गोटे-वाळूच्या उथळ काठाला, सूर्य कलल्यावर, पाच-सहा ठिकाणी वाटून सोडावीत. पावसाळा सरून गढूळपणा बसल्यावरचा काळ बरा.

ज्या पाण्यात मासा वाढवायचा आहे पण वंश पसरू द्यायचा नाही, तिथे वांझ मासे सोडण्याची पद्धत अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरी जलाशयांत रुळली आहे. तिकडे वॉलआय हा खेळाचा मासा खालच्या नदीतल्या स्थानिक माशांना खातो. म्हणून फलनानंतर काही मिनिटांत अंड्यांना प्रचंड दाब देऊन त्यांत गुणसूत्रांचा तिसरा संच अडकवतात, आणि असे मासे वाढतात पण वितात नाहीत. युटा राज्यातल्या रेड फ्लीट जलाशयात कुणीतरी परस्पर सोडलेल्या वॉलआयने उपद्रव केला, तेव्हा २०१५ मध्ये रोटेनोन हे मासे मारणारे विष टाकून सगळे मासे मारले गेले आणि नंतर वांझ वॉलआय सोडले.

कावेरीला हा मार्ग नाही. वाहत्या नदीत रोटेनोन टाकले तर निळ्या पंखांच्या माशाबरोबर उरलेसुरले सोनेरीही मरतील. २०१२ मध्ये अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकणे बंद झाले आणि छावणीच्या वह्यांतली नोंद तिथेच थांबली. आधाराला उरले ते मोयारमधले सोनेरी मासे. त्या माशांवरून बीज करायचे ठरले तर प्रत्येक प्रजनकाची जनुकीय तपासणी थाळी हातात घेण्याआधी, तपासलेले मासे स्वतंत्र पाण्यात व स्वतंत्र जाळ्यांसह, प्रत्येक पिल्लाला खूण, आणि सोडायची जागा निळ्या पंखांच्या माशाला वर चढता येणार नाही अशा धबधब्याच्या किंवा बंधाऱ्याच्या वरची.